चार गिअर, एकच दिशा

ज्या माणसाला दुसऱ्याच्या नाकावर चष्मा सरळ बसवता येतो, त्याला जगातली कोणतीही वस्तू सरळ बसवता येते. मग ते इंजिन का असेना! हे माझं ठाम मत. माझं चष्म्यांचं दुकान आहे, आणि वाकड्या नाकांवर सरळ चष्मे बसवण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. त्यामुळे दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी, मागे इंजिन असलेली उघडी बग्गी मी घरच्या घरी बनवणार, असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा माझा आवाज जराही कापला नाही.

"कुठे बनवणार?" बायकोने विचारलं.

"गॅरेजमध्ये."

तिने वाढता वाढता डाव खाली ठेवला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

हे गॅरेज म्हणजे आमच्या घरातली वादग्रस्त भूमी. बायको एका पार्लरमध्ये केस कापते. तिचा हात इतका हलका की माणूस खुर्चीतच डुलक्या घेतो. पण तिथली मालकीण गिऱ्हाइकांसमोर तिला "अगं ए" म्हणते, खाली पडलेले केस झाडायला लावते आणि कौतुक झालं की स्वतः पुढे होते. बायकोला स्वतःचं पार्लर हवं होतं. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा. आणि ते सगळं बरोब्बर आमच्या गॅरेजमध्ये मावत होतं. बेसिन कोणत्या कोपऱ्यात येणार हेसुद्धा तिने बघून ठेवलं होतं. मी त्या कोपऱ्यात वेल्डिंग मशीन आणून ठेवलं.

त्यावरून जे व्हायचं ते झालं, आणि शेवटी पैज लागली. जुन्या खाणीजवळच्या टेकडीवर हौशी लोकांच्या एका क्लबाची स्पर्धा होणार होती. खालून निघायचं आणि टेकडीवरच्या झेंड्यापर्यंत गाडी न्यायची. माझी बग्गी झेंड्यापर्यंत पोचली, तर गॅरेज कायमचं माझं. नाही पोचली, तर पार्लर!

"परत शब्द फिरवायचा नाही," ती म्हणाली.

"मर्दाचा शब्द आहे!" मी म्हणालो. मर्दाला अशा वेळी फार बोलायची सवय असते.

मदतीला मेहुणा होता. मेहुणा दातांचा डॉक्टर. अंगाने काडी, पण आत्मविश्वास पैलवानाचा. "भावोजी, इंजिन म्हणजे काय हो? जबडा! उघडायचं, साफ करायचं, मिटायचं," असं तो म्हणाला तेव्हा मला फार धीर आला. आज वाटतं, तिथेच उठून त्याला दवाखान्यात पोचवून यायला हवं होतं.

इंजिन सासूबाईंच्या जुन्या गाडीचं. सासूबाईंनी नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला देऊन टाकली. त्या गाडीचं इंजिन पुढे, आणि ते पुढचीच चाकं फिरवायचं. आमचा बेत सरळ होता. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकांना ताकद पोचवणारे दोन शाफ्ट, हे सगळं गाठोडं पुढून उचलायचं आणि बग्गीच्या मागे ठेवायचं. झाली मागच्या इंजिनाची बग्गी! यात न समजण्यासारखं काय आहे?

गिअरबॉक्स उघडल्यावर मेहुण्याने खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला, कपाळावर दिवा लावला आणि आत डोकावला.

"भावोजी, रिव्हर्स गिअरचे दात पडलेत. एक पण धड नाही."

मी सासूबाईंना फोन लावला. "आई, तुमच्या गाडीला रिव्हर्स लागत होता का हो?"

"मला कशाला लागेल?" सासूबाई कडाडल्या. "मी आयुष्यात कोणासाठी गाडी मागे घेतलेली नाही! समोरच्याने घ्यायची."

मी मेहुण्याकडे बघितलं. आपल्या आईचा आवाज ऐकून तो नकळत सरळ उभा राहिला होता.

"काय करायचं, डॉक्टर? नवा गिअर टाकायचा?"

त्याने दिवा बंद केला आणि पेशंटला समजावतो त्या मऊ आवाजात म्हणाला, "मागचे आहेत. दिसत नाहीत, दुखत नाहीत. मागचे दात नसले तरी माणसाचं काही अडत नाही. आपल्याला टेकडी चढायची आहे, पुढे जायचंय. रिव्हर्सचं काय करायचंय?"

मला ते शंभर टक्के पटलं. आम्ही गिअरबॉक्स मिटवून टाकला. मेहुणा सवयीने "आता चूळ भरा," असं म्हणालासुद्धा.

मग इंजिन बग्गीच्या सांगाड्यात बसवायची वेळ आली. सासूबाईंच्या गाडीत होतं तसंच ते ठेवलं तर मागच्या चाकांच्या पुढे येत होतं, म्हणजे बरोबर ड्रायव्हरच्या पाठीला टेकत होतं. मी सीटवर बसून बघितलं. इंजिन बंद असूनही मला चटके बसल्यासारखं वाटलं.

"शिवाय हे मागचं इंजिन म्हणायचं का?" मेहुणा म्हणाला. "हे तर मधलं इंजिन! मागचं म्हणजे चाकांच्याही मागे हवं."

"मग?"

"मग काय, गर्रकन फिरवू या! तोंड इकडचं तिकडे. इंजिन आपोआप चाकांच्या मागे जाईल."

साखळीला टांगलेलं इंजिन आम्ही अर्धा फेरा वळवलं आणि खाली सोडलं. काय सुंदर बसलं! सीट आणि इंजिन यांच्यात आणखी एक माणूस झोपेल इतकी जागा झाली. एकच अडचण आली. त्या गाडीचा एक शाफ्ट लांब आणि एक आखूड होता. इंजिन फिरवल्यामुळे लांबाच्या जागी आखूड आला आणि आखुडाच्या जागी लांब. उजवं चाक भांडण झाल्यासारखं बाहेर निघून गेलं, आणि डावं आत दडून बसलं.

"लंगडते का हो ही?" चहा घेऊन आलेल्या बायकोने विचारलं.

मी तिच्याकडे दुर्लक्ष करून इंजिन हातभर बाजूला सरकवलं आणि दोन्ही चाकं एका रेषेत आणली. मोजपट्टी वापरली नाही. माझ्या दुकानातला तो मोठी-छोटी अक्षरं असलेला तक्ता समोरच्या भिंतीवर लावला, दोन्ही चाकांमागून एकेक डोळा मिटून बघितलं आणि दोन्हीकडून सगळ्यात खालची ओळ वाचता आली तेव्हा धुरा सरळ आहे असं जाहीर केलं. आमच्या धंद्यात याहून मोठा पुरावा नसतो.

चाचणीच्या दिवशी आम्ही बग्गी ढकलत गल्लीत आणली. मी हेल्मेट घातलं. बायको फाटकाशी हात बांधून उभी होती. मेहुणा बग्गीच्या पुढे, सुरक्षित अंतरावर उभा राहून हाताने या, या करत होता.

मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मेहुणा लहान व्हायला लागला.

आधी मला वाटलं तोच मागे चाललाय. मग आमचं फाटकही मागे गेलं. बायकोही लहान झाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बग्गी मागे चालली आहे!

"रिव्हर्स पडला असेल!" मेहुणा ओरडला. "पहिला टाका!"

"पहिलाच आहे!"

"मग दुसरा टाका!"

दुसरा टाकला. बग्गी दुप्पट वेगाने मागे निघाली. मेहुणा आता माझ्यासमोर धावत होता. त्याचं तोंड माझ्याकडे, माझं त्याच्याकडे, आणि अंतर मात्र वाढतच होतं.

"तिसरा!" तो धापा टाकत ओरडला. "चारांपैकी एक तरी पुढे जाणारच!"

तर्क बिनतोड होता. मी तिसरा टाकला. इस्त्रीवाल्याचं दुकान उजवीकडून सुर्रकन पुढे गेलं. चौथा टाकला तेव्हा वारा माझ्या मानेवर आपटायला लागला. मग शेवटचा उपाय म्हणून मी रिव्हर्स टाकला. आतून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि बग्गी जागच्या जागी थरथरत उभी राहिली. बिनदाताचा गिअर! मागे नाही, पुढे नाही.

मी ज्या ठिकाणी थांबलो तो एकेरी रस्ता होता. तिथे वाहतुकीचा हवालदार होता.

"ओ साहेब! एकेरी रस्त्यावर उलटे काय येताय?"

"हवालदारसाहेब, माझं तोंड बघा. अगदी बरोबर दिशेला आहे."

त्याने माझं तोंड बघितलं. बग्गीचंही बघितलं. "तोंड बरोबर आहे हो. पण तुम्ही चुकीचे चाललाय!"

"चाललोय कुठे? मागे येतोय."

"मग मागे येऊ नका, पुढे जा!"

"तेच तर येत नाही!"

"मग गाडी वळवा."

"वळवली तर मी बरोबर दिशेला जाईन, पण तोंड चुकीचं होईल."

हवालदाराने टोपी काढली, घाम पुसला आणि बराच वेळ विचार केला. "असं करा," तो शेवटी म्हणाला, "मी त्या झाडाकडे बघतो. तेवढ्यात तुम्ही दिसेनासे व्हा."

मी उलटा निघालो तो सगळ्या वस्तीला वळसा घालून घरी पोचलो. वाटेत ओळखीची माणसं भेटली. त्यांच्याकडे तोंड करून मी लांब लांब जात होतो, त्यामुळे सगळ्यांनी हात हलवून मला निरोप दिला. एक म्हातारे गृहस्थ तर "पोचल्यावर कळवा!" असंही म्हणाले.

घरी येऊन बघतो तर गॅरेजमध्ये एक खुर्ची! त्यात मेहुणा गळ्याला चादर गुंडाळून बसलेला, आणि बायको त्याचे केस कापत होती.

"हे काय?" मी ओरडलो.

"उजेड कसा पडतो ते बघतेय," ती शांतपणे म्हणाली. "अहो, एक विचारू? तुम्ही ते इंजिन उलटं फिरवलंत ना?"

"मग?"

"मग चाकंही उलटीच फिरणार की! चालत्या माणसाला खांद्याला धरून मागे वळवलं तर तो कुठे जाईल?"

कात्रीची कचकच थांबली. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी मेहुण्याकडे बघितलं. पुढचे चारही गिअर मागचे झाले होते, आणि मागचा एकुलता एक पुढचा झाला होता. त्याचेच पडलेले दात आम्ही बसवले नव्हते!

स्पर्धा तोंडावर आली होती. रिव्हर्सचा नवा गिअर तोवर मिळणं शक्य नव्हतं. इंजिन पुन्हा फिरवायचं तर सगळा सांगाडा कापावा लागणार होता. दुसरा उपाय होता गिअरबॉक्स उघडून आतलं मोठं दातेरी चाक दुसऱ्या बाजूला बसवण्याचा. मेहुण्याने कानावर हात ठेवले. "डावीकडची दाढ उजवीकडे? असलं काम मी माणसातसुद्धा करत नाही!"

मग तोच उसळून उठला. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच. "भावोजी! बग्गी बदलायची कशाला? सीट फिरवू या! ज्या बाजूला ती जाते तिलाच पुढची बाजू म्हणायचं!"

काय डोकं आहे! मी त्याला मिठी मारणार होतो.

"थांबा हं," बायको म्हणाली. "म्हणजे इंजिन पुढे येणार?"

"हो!"

"आणि ते पुढची चाकं फिरवणार?"

"अर्थात!"

"आईची गाडी अशीच होती की. फक्त तिला छत होतं."

इतके दिवस खपून आम्ही चालू गाडीची तीच गाडी केली होती, आणि वर पावसाची सोय काढून टाकली होती.

सासूबाईंचीच गाडी चालवायची नव्हती म्हणून सीट तशीच ठेवली, पण मी हटलो नाही. गॅरेजचा प्रश्न होता! स्पर्धेचे नियम मी पुन्हा वाचले. झेंड्यापर्यंत पोचायचं, एवढंच त्यात होतं. तोंड कुठे करून पोचायचं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी दुकानातले गिऱ्हाइकांचे सगळे आरसे काढून आणले आणि बग्गीला लावले. उजवीकडे, डावीकडे, वर, गुडघ्यापाशीसुद्धा. मी आरशात बघत टेकडी उलटा चढणार होतो.

रविवारी टेम्पोत घालून बग्गी टेकडीखाली नेली. बायकोही छत्री घेऊन आली आणि सरळ चालत वर झेंड्यापाशी जाऊन उभी राहिली. माझी फजिती तिला जवळून बघायची होती.

माझी पाळी आली. मी बग्गीची पाठ टेकडीला लावली.

"उलटी लावलीत," शिट्टी गळ्यात अडकवलेले पंच म्हणाले.

"अशीच आहे ती."

"म्हणजे तुम्ही टेकडीकडे पाठ करून टेकडी चढणार?"

"नियमात तोंडाबद्दल काही आहे?"

पंचांनी नियम काढून बघितले, चष्मा पुसून पुन्हा बघितले. चष्मा माझ्याच दुकानातला होता. "नाही," ते दुःखाने म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

आणि चढली की हो! खाली जमलेली गर्दी टाळ्या वाजवत लहान होत गेली, आणि मी त्यांच्याकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत सदेह स्वर्गात चाललो होतो. सगळ्या आरशांत झेंडा दिसत होता. गॅरेजच्या दारावर आपलं नाव लिहायचं, हेही मी ठरवून टाकलं.

झेंडा अगदी हाताशी आला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चढावर गाडीचं वजन खालच्या बाजूला जातं, आणि जोर लावणारी आमची चाकं नेमकी वरच्या बाजूला! माती उडाली, धुरळा झाला, बग्गी जागची हलेना.

"वजन हवंय!" मेहुणा धावत वर आला आणि इंजिनावरच्या सांगाड्याच्या पाइपांवर चढून बसला. त्याने काही फरक पडला नाही. त्याच्याहून माझी हत्यारांची पेटी जड होती.

"माणूस बसवलेला चालतो का?" मी खाली ओरडलो.

पंचांनी पुन्हा नियम बघितले. "बसवा! ढकलायचं मात्र नाही!"

मी आरशात बघितलं. झेंड्यापाशी फक्त बायको उभी होती. तिला तिथे नुसतं उभं राहायचं होतं. आणखी थोडा वेळ ती गप्प उभी राहिली असती, तर दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतभर आरसा तिचा झाला असता. कोण कशाला "अगं ए" म्हणणार होतं तिला! तिला हाक मारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कोणत्या तोंडाने बोलावणार होतो?

तेवढ्यात तिने छत्री मिटली, पदर खोचला, खाली आली आणि मेहुण्याच्या शेजारी पाइपांवर चढून बसली.

"चला," ती म्हणाली. "लाज काढू नका लोकांत."

मी क्लच सोडला. चाकांनी माती पकडली, बग्गी एकदा गुरगुरली आणि आम्ही तिघं झेंड्यावर पोचलो. झेंडा मोडून माझ्या मांडीवर पडला. खाली एकच जल्लोष झाला.

आणि मला, खरं सांगतो, रडू फुटलं. या बाईने स्वतःचं पार्लर स्वतःच्या हाताने घालवलं होतं, आणि तेही माझी लाज राखायला! मी हेल्मेट काढलं आणि भर टेकडीवर, मेहुण्याच्या साक्षीने म्हणालो, "गॅरेज तुझं! पैज गेली चुलीत! आजपासून गॅरेज तुझं!"

"असू दे हो," ती म्हणाली आणि छत्री उघडली. इतका मोठा त्याग, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नाही की काही नाही. मला जरासं लागलंच ते.

टेम्पोवाल्याने बग्गी आमच्या फाटकापाशी उतरवली आणि तो निघून गेला. मी गॅरेजकडे वळलो, आणि आतून हातोडीचा आवाज आला.

आत प्लंबर होता. त्या कोपऱ्यात पांढरंशुभ्र बेसिन बसलेलं होतं. नळही लागला होता. माझं वेल्डिंग मशीन बाहेर कुंड्यांमध्ये ठेवलेलं होतं, आणि त्याच्यावर कोणीतरी फडकं वाळत घातलं होतं.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"सकाळी," बायको म्हणाली. "आपण टेकडीवर गेलो तेव्हाच यांना किल्ली देऊन ठेवली होती. दोघंही दिवसभर घरात नसणार, असा दुसरा दिवस कुठला मिळाला असता?"

"पण पैज? मी जिंकलो असतो तर?"

"जिंकलातच की."

"मग तू वर चढून बसलीस कशाला?"

"बेसिन बसलं होतं ना," ती समजुतीने म्हणाली. "बसलेलं बेसिन कोणी काढत नाही. मग तुम्हाला जिंकू द्यायला माझं काय जात होतं?"

टेकडीवरचा माझा तो त्याग, ते अश्रू, ती साक्ष! जे सकाळीच गेलं होतं ते मी दुपारी मोठ्या मनाने दान करून आलो होतो. मेहुणा दुसरीकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं, हे त्याच्या अजून अर्ध्याच कापलेल्या डोक्यावरूनही मला दिसलं.

प्लंबर कपाळावरचा घाम पुसत बाहेर आला. आरसा आणि खुर्च्या घेऊन एक हातगाडी फाटकाबाहेर येऊन थांबली होती आणि तिच्या वाटेत माझी बग्गी उभी होती.

"साहेब," प्लंबर म्हणाला, "ही तुमची गाडी जरा पुढे घ्या ना. हातभर घेतली तरी पुरे."

मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. हातगाडीवाल्यासमोर कोण सांगत बसणार? मी मुकाट्याने हेल्मेट चढवलं, बग्गीत बसलो, आणि तिला हातभर पुढे घेण्यासाठी सगळ्या वस्तीला उलटा वळसा घालायला निघालो.

"अहो!" लहान होता होता बायको ओरडली. "जाताच आहात तर कोपऱ्यावरून चार टॉवेल आणा. पांढरे!"